वाऱ्याच्या गावी, हवेवाचून

पुन्ता अरेनास. इथे चौकाचौकांत दोर बांधतात,
वारं प्यायलेल्या वासरासारखं गाव उधळतं
तेव्हा माणसांनी धरून चालायला.
अशा गावात
बाल्दोमेरो ओयार्सो, वय एक्क्याऐंशी,
हवेवाचून गेला का,
एवढंच मला विचारलंय.

मी डॉक्टर नाही. मी काप घेते, रंग चढवते.
एर्सिलियाबाईंना गळ्यावर वळ दिसला नाही,
डोळ्यांत रक्ताचा ठिपका नाही.
फुप्फुसं जड, पण म्हाताऱ्यांची असतातच.
रॉकेलच्या शेगडीवर संशय होता,
रक्ताने तो फेटाळला.
मग माझ्याकडे आला मेंदूचा तुकडा,
समुद्रघोड्यासारखा वळलेला,
श्वासाची टंचाई ज्याला आधी कळते.

मेणात बसवला. केसाहून बारीक चिरला.
चार अंशांवर रात्रभर ठेवला प्रतिपिंडांसोबत,
आजाऱ्याच्या उशाशी कुणी जागावं तसा.
तुलनेला शेजारी दोन काचा:
हृदय बंद पडून गेलेली एक शिक्षिका,
सामुद्रधुनीत बुडालेला एक खेकडेवाला.
नावं माहीत नाहीत. नंबर पाठ आहेत.

एक प्रथिन आहे.
पेशी ते सारखं घडवते आणि सारखं मोडते,
हवा असते तोवर.
हवा संपत आली की घडवणं चालूच राहतं,
मोडणारे हात थांबतात.
मी रंगवते ते हे,
मोडायचं राहून गेलेलं.

सकाळी शिक्षिकेची काच फिकट.
बुडालेल्याची तपकिरी, कोऱ्या चहासारखी.
बाल्दोमेरोची बघितली,
भिंग पुसलं,
पुन्हा बघितली.
कोरा चहा.

रंग सांगतो, हा माणूस हवा मागत होता.
कुणाकडे, ते सांगत नाही.
उशी होती, की तळवा,
की म्हातारं तोंड नुसतं पांघरुणात रुतलं.
अहवालात आम्ही लिहिलं, ‘सुसंगत’.
‘सिद्ध’ हा शब्द आमच्याकडे
सणाच्या भांड्यासारखा क्वचित निघतो.

गुरुवारी पुतण्या आला, निवाल्दो,
लोकरीची टोपी परत न्यायला.
सही केली. टोपी घडी करून खिशात कोंबली.
मग खिडकीच्या काचेशी तोंड आणून म्हणाला,
‘त्रास झाला का हो त्यांना?’
काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटला.

मायेने विचारलं की भीतीने,
हे दाखवणारा रंग अजून कुणी काढलेला नाही.

मला उत्तर ठाऊक होतं.
साठायला वेळ लागतो.
मिनिटं लागतात.
जो झोपेतच झटकन जातो
त्याची काच फिकट राहते.
मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा.
गोल कडेकडून आक्रसत मिटला.

संध्याकाळी बाहेर पडले तर वारा सुटलेला.
दोर धरला.
इथे तोंड उघडलं की वारा आपणहून आत घुसतो,
मागावा लागत नाही.
मी ओठ मिटले, नाक दाबलं,
आणि चौक ओलांडू लागले आकडे मोजत.

सदतीसला सोडलं.
चौक अजून अर्धा राहिला होता.