वारंवार

विमा कचेरीत माझ्या टेबलापाशी जो बसतो
तो आधी छताकडे बघतो, मग विचारतो,
पास्कागूलात टोर्नाडो किती वेळा येतो हो?
मी तक्ता फिरवते त्याच्याकडे.
आकडा आहे त्यात, दशांशचिन्हासकट.
शून्य पूर्णांक चार टोर्नाडो
नक्की कुणाच्या छपरावर पडतो
मला अजून समजलेलं नाही,
पण हप्ता त्यावरच ठरतो.

आखाताचं पाणी माघातही कोमट,
बाळंतिणीच्या न्हाणीतल्यासारखं.
दक्षिणेकडून दमट वारं चढायला लागलं
की कोळंबीच्या होड्या लवकर परततात,
कुत्री पोर्चखाली शिरतात,
आणि मी पलंगावरची गादी ओढते.
बाथटबमध्ये निषाद, डोक्याला बेसबॉलचं हेल्मेट,
वर गादी, गादीवर मी.
अकरा वर्षांत एकोणीस वेळा.
दाराच्या चौकटीला घासून घासून
गादीचा एक कोपरा उसवलाय.
माझ्याकडची नोंद एवढीच.

समोरच्या व्हर्लीन लॅडनर सत्तर वर्षं इथे.
त्यांना विचारलं तर एक बोट वर करतात.
एकदा.
पहाटे पावणेपाचला, मिनिटभर.
अंगण राहिलं, पायऱ्या राहिल्या तीन,
अंड्यांचा खोका राहिला, एकही न तडकता.
बाकीचं त्या सांगत नाहीत.
बोट मात्र बराच वेळ वरच असतं.

आई बार्शीहून फोनवर:
तुमच्याकडे वावटळ फार म्हणे?
तिची वावटळ चैत्रात बांधावरून यायची,
पाचोळा, धूळ, एखादी चिंधी.
आत हडळ असते म्हणून आम्ही थुंकायचो
आणि ती निमूट वळून जायची.
मी म्हणते, फार नाही गं. वारंवार नाही.
फोन ठेवल्यावर तो शब्द तोंडात राहतो.
त्यात वारं आहे, आणि वार आहे.
कोणता वार, ते तक्त्यात नसतं.

आज गुरुवार.
भोंगा रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
निषाद आता माझ्याहून उंच, टबात मावत नाही,
गुडघे पोटाशी घेऊन चिडतो,
"दर वेळी काहीच होत नाही, आई."
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली पोचत नाही,
तरी मी ओढून पाहते.
मग दिवे जातात.
पंखा स्वतःच्याच ओढीने थोडा फिरतो, थांबतो,
आणि कानांत दडे बसतात,
घाट उतरताना बसतात तसे.
इथे घाट नाही. जमीन ताटासारखी सपाट.

"मालगाडी," तो अंधारात म्हणतो.

रूळ उत्तरेला आहेत. आवाज पश्चिमेचा.
मी हो म्हणते
आणि गादीचा उसवलेला कोपरा
त्याच्या कानावर दाबून धरते.