पीळ

गोदाक्का आधी पानाकडं बघायचीच नाही.
पान लबाड, म्हणायची,
बदामी पान तर रानात दहाजणी मिरवतात.
ती पानाखालून हात घालून वेल धरायची
कासार मनगट धरतो तशी,
हाडाचा अंदाज घेत.

"ही गोल. ह्या पेराला एक पान,
फुडच्या पेराला एक, दुसऱ्या अंगाला. कारांदा.
ही चौकोनी, कडंला झालर,
पानं समोरासमोर, जावाजावा बसल्यागत. कोनफळ.
आन् ही कागदागत सोलतीय, खाली दोरं सोडून बसलीय,
ती ह्या घरची न्हाईच. गुळवेल.
कापून बघ, आत गाडीचं चाक दिसंल."

मणदूरच्या वर, धुकं हलायच्या आत
मी वहीत उतरून घ्यायची.
सुलन नुसती ऐकायची,
डाव्या हातातल्या विळ्यानं वाट साफ करत.

"कारांदं लटाकल्यावर आंधळाबी वळखंल.
वीतभर असताना सांग."
मी गप्प.
"पीळ बघ. कारांदा डावरा, कोनफळ उजवं."
डावं कुणाचं, मी विचारलं, माझं की वेलीचं?
"जा की पलीकडं. बदलतंय का बघ."
मी मेढीला अख्खा वळसा घातला.
समोर तीच तिरकी रेघ.

आम्ही जुळ्या. आईनं सुलनच्या पायात काळा दोरा बांधलेला.
सव्वा महिन्याच्या असताना तो न्हाणीत तुटला, मोरीतून गेला,
आणि त्या दुपारी सुलन कुठली
ते आईनं ओळखलं नाही,
ठरवलं.
आम्हाला सांगितलं बारावीनंतर,
भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता.
सुलन हसत सुटली. मला ते जमलं नाही.
गोदाक्काकडं गेले, तर ती कंद उकरत होती.
"दोऱ्याचं काय घिऊन बसलीस?
इळा कुठल्या हातात हाय ते बघावं."
मी विचारलेलं हे नव्हतं.

आता शिराळ्याच्या कॉलेजात
वाळलेल्या वेली कागदावर शिवते.
वजनाखाली आठवडाभर ठेवल्यावर
देठ राहतो, झालर राहते,
पानाची मागची लव सुद्धा भिंगातून दिसते.
पीळ तेवढा सपाट होतो.
म्हणून चिठ्ठीवर लिहावं लागतं:
मणदूर, ओढ्याकाठी, करंजावर चढलेली,
पीळ डावा, उभी असताना पाहिला.
त्याखाली गोळा करणारीचं नाव.
तिथं पेन जरा थांबतं.
मग लिहिते, मालन,
उजव्या हातानं.