फेरपरीक्षा

उलान-उदे. उणे चौतीस.
खिडकीच्या आतल्या अंगालाही बर्फ.
वर्गात हिरड्याची बरणी हातोहात फिरते.
अरुरा, म्हणतात नामझिल सर,
नि आम्ही वहीत रशियन अक्षरांत लिहितो
एका झाडाचं नाव,
जे आमच्यापैकी कुणी उभं पाहिलेलं नाही.

वाताला लुंग. पित्ताला त्रिपा. कफाला बेकेन.
एवढा हिमालय ओलांडून आलेले शब्द,
वाटेत थंडी वाजली असणार त्यांना.

नाडी पहाटे बघायची :
सूर्य उगवलेला, पण ऊन अंगाला लागलेलं नाही
एवढ्याच फटीत.
तर्जनी कातडीवर, मधलं बोट मांसापर्यंत,
अनामिका थेट हाडाला भिडवायची.
होस्टेलच्या झिनाईदाबाई रोज हात पुढे करायच्या,
दुसऱ्या हाताने किल्ल्या चाचपत :
"काय गं, काढते ना मी मार्चपर्यंत?"

परीक्षेला सरांनी स्वतःचीच बाही वर सारली.
पाच ठोके. सहावा नाही.
पुन्हा पाच.
जिन्यात कुणी थबकावं तसं, अनामिकेखाली.
बराच वेळ मी बोट काढलं नाही.
मग लिहिलं : प्रकृती उत्तम.

नापास केलं त्यांनी.
शेऱ्यात एवढंच : बोटं बरोबर होती.
फेरपरीक्षा मे महिन्यात.

मेमध्ये सेलेंगा मोकळी वाहत होती.
टेबलावरचं मनगट दुसऱ्या कुणाचं,
तरुण, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ असलेलं.
जे लागलं ते लिहिलं मी.

बरणीतला एक हिरडा
अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.