कोऱ्या पाटीचा फोटो

ओरुरोत पहाटे पाणी नळातच गोठतं.
मी कोट न काढता एक्स-रेची खोली उघडते,
पाटी सुरू करते आणि तासभर थांबते.
थंड सेन्सर खोटं बोलतो असं नाही,
त्याचा सूर लागलेला नसतो एवढंच.

आधी अंधाराचा फोटो.
किरण बंद, समोर कुणी नाही,
तरी पडद्यावर काहीतरी उमटतंच,
करडं, बारीक, पीठ चाळल्यासारखं.
काही न पाहता पाहिल्याचं सांगणं
ही प्रत्येक ठिपक्याची जुनी खोड.
ती मोजून ठेवायची आणि पुढे
प्रत्येक माणसातून वजा करायची.

मग पांढऱ्याचा. सगळ्या पाटीवर सारखा उजेड.
सारखा वाढला तरी सारखा घेतला जात नाही,
हे चार मुलांच्या आईला मशीनने काय शिकवायचं!
एक ठिपका अधाशी, एकाचं पोट आधीच भरलेलं,
डावीकडची एक अख्खी रांग रुसलेली.
व्यक्ती तितक्या प्रकृती; इथे नव्वद लाख.
हळू बोलणाऱ्याला थोडं वर उचलायचं,
ओरडणाऱ्याला खाली,
आणि जे मेलेत त्यांच्या जागी
शेजाऱ्यांची सरासरी बसवायची.
मेलेल्याच्या वतीने शेजारीच बोलतात,
आमच्या वस्तीतही असंच चालतं.

हे मला एगिदिओने शिकवलं.
कोचाबाम्बाहून रात्रीच्या बसने यायचा, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन.
म्हणायचा, "निएवेस, पांढरा फोटो घेताना
पाटीवर श्वाससुद्धा सोडू नकोस.
तिथे जे राहील ते सगळ्यांच्या छातीत जाईल."
मी हसले होते.

मंगळवारी सातुर्निनो कोन्दो आला.
सव्वीस वर्षं कथलाच्या खाणीत.
कुठल्या कुठल्या देशांतल्या भांड्यांना
त्याच्या खोकल्याची कल्हई असेल.
गालात कोकाची पानं, टोपी हातात.
श्वास घ्या, धरा.
धरवेना. दोनदा घ्यावा लागला फोटो.
उजव्या फुफ्फुसाचा वरचा कोपरा स्वच्छ निघाला,
जरा जास्तच स्वच्छ.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धूळ आहे, गाठ नाही.
जाताना त्याने दारावर टकटक केलं,
दृष्ट लागू नये म्हणून, लाकूड समजून.
आत शिसं होतं.

बुधवारी एका शाळकरी मुलीच्या छातीत
मसुराएवढा काळसर डाग.
गुरुवारी एका नोटरीच्या गुडघ्यात,
पाटीच्या बरोब्बर त्याच जागी.
छातीला आणि गुडघ्याला एकच दुखणं होत नाही.
दुखणं पाटीचं होतं.
पाटीचंही नाही, माझं.

सोमवारचा पांढरा फोटो उघडला.
मोठा केला. आणखी मोठा.
त्या शुभ्र मैदानात एक खडा बसला होता.
कच्च्या कथलाचा. कुणाच्या तरी बुटातून, बाहीतून
पाटीपर्यंत चढून आलेला.
त्याच्या सावलीला मशीनने ठिपक्यांचा अशक्तपणा मानलं
आणि इमानाने, प्रत्येक फोटोत,
तेवढ्याच जागी भरपाई देत राहिलं.
म्हणजे तिथे काळं मिसळत राहिलं.

सातुर्निनोच्या छातीत तिथे पांढरं होतं.

पाटी पुसली, कोरड्या मऊ फडक्याने, तीनदा.
चौकटीच्या खाचेत तो खडा सापडला.
पुन्हा अंधार. पुन्हा पांढरा, श्वास धरून.
त्याचे कच्चे आकडे जपलेले होते,
नव्याने वजाबाकी, नव्याने भागाकार.
डाग गेला
आणि गाठ आली, निवांत,
जणू दाराबाहेरच्या बाकावर
नंबर यायची वाट बघत होती.

वहीत पत्ता: जुन्या धुरांड्याच्या वरची तिसरी गल्ली,
निळं दार. फोन नाही.
शुक्रवारी दुपारी मी कोट चढवला.
खडा कागदाच्या पुडीत बांधून खिशात घेतला.
दाखवायचा की नाही, ठरलं नव्हतं.
चढावर दोनदा थांबले,
आणि निळ्या दारावर, ह्या खेपेला खऱ्या लाकडाच्या,
टकटक केलं.