पियानो पडद्याच्या डावीकडे होता

डोळ्यांचं मला विचारू नकोस.
पडद्याच्या पायथ्याशी बसून मान वर केली
की दिसायच्या नुसत्या हनुवट्या,
घराएवढ्या, चुन्यासारख्या पांढऱ्या.
नायिकेच्या हनुवटीखाली तीळ होता.
माझ्याशिवाय तो या गावात
कुणी पाहिला नसेल.

गोष्ट आधी मासिकात आली होती. चौदा पानं,
मध्येच साबणाची जाहिरात.
मिसेस थॉर्नबरींकडून मागून आणून वाचली मी:
मिसिसिपीवरच्या नावाड्याची बायको, शेगडी,
आणि नवऱ्याच्या नावानं आलेलं
दुसऱ्याच बाईच्या अक्षरातलं पत्र.
गोष्टीत ती ते न फोडताच जाळते.
पुढे दोनच ओळी. मग पुन्हा साबण.

चित्रपटवाल्यांनी शेवट बदलला, म्हणतात.
कसा, ते विचारायला तू शिकागोहून आलास
हे यंत्र उचलून, तीन जिने चढून.

तर ऐक. रिळांबरोबर कंपनीचा कागद यायचा,
कुठे काय वाजवायचं त्याचा.
पाचव्या रिळापुढे लिहिलेलं:
पत्र. संथ. चाळीस सेकंद.
आणि नेमकं तिथेच माझं पान संपायचं.
तिकिटं फाडणारा ऑर्विल शेजारी बसून
काकवीच्या गोळ्या खायचा
आणि त्याच बोटांनी पानं उलटायचा.
पान चिकटलेलं. मी नखानं सोडवतेय,
डावा हात एकटाच चाललाय.
मान वर करेपर्यंत ‘समाप्त’.
चार दिवस, आठ खेळ.
आठही वेळा.

ऐकलं मात्र सगळं.
तीनशे माणसं एकदम श्वास आत घेत,
माझ्या मानेवरचे केस हलत.
सोडत मात्र एकेकटी, सावकाश.
शुक्रवारी कुणी बाई म्हणाली, “नको गं,”
स्वयंपाकघरात बोलावं तसं.
काय नको?
फोडू नको? जाळू नको?

पुढे बोलपट आले.
मला वीस डॉलर आणि एक हॅम देऊन घरी पाठवलं.
रिळं उकळली म्हणे, चांदीसाठी.
निघाली असेल चमचाभर,
गेली असेल कुणाच्या लग्नात आहेराला
ती हनुवटी, तो तीळ, ते पाकीट.

यंत्र चालू आहे ना?
मग सरक जरा.
मधली एक पट्टी मुकी आहे,
ती वाजली असं समज.
या वेळी समोर पान नाही.
चाळीस सेकंद.
तू घड्याळ बघ,
मी वर बघते.