दोऱ्यात डोळा

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी सांधणी केली.
वहीच्या डोळ्यातून, फणीच्या दातातून
एकेक सूत ओढून घेतलं.
किती, ते मोजणारा मुकादम वारला.
मी मोजलं नव्हतंच.

रजिता आली ती धनुष्य घेऊन,
दोन्ही टोकांना चाकं असलेलं.
"नायना, पीप सरकलाय.
सातव्या बाणाला खाली आला,
आठवा कुंपणात."
तिच्या तळहातावर तो,
हरभऱ्याच्या डाळीएवढा, मधोमध भोक.

आजवर डोळ्यात दोरा ओवला होता.
दोऱ्यात डोळा, हे पहिल्यांदाच.

आधी तिनं बाण लावून दोरी ओढली, डोळे मिटून.
हात जबड्याला टेकला.
मग डोळा उघडला, आणि जिथून बघत होती तिथं
मी पेनानं ठिपका दिला.
सरांच्या प्रेसमध्ये धनुष्य आवळलं. दोरी ढिली पडली.
चोवीस पदर. बारा इकडे, बारा तिकडे.
"एखादा चुकला तर?"
चुकला तर काय होतं ते मला विचारतेस, पोरी?
ताण्यातलं एक सूत शेजारच्या घरात गेलं
की रेघ उठते सबंध टॉवेलभर,
आणि गिऱ्हाइकाला तीच आधी दिसते.

आतून भूदेवी, सुपातून मान वर न करता:
"बिडीचा दोरा देऊ का?"
हसलो आम्ही. तीही हसली असावी,
कात्रीचा आवाज जरा थांबला.

डोळ्याच्या वर एक गाठ पुढून, एक मागून,
परत पुढून. नऊ झाल्या.
खाली नऊ.
मेण चोळायचं राहिलंच नाही फारसं,
सोलापूरचा एप्रिल, ते बोटांवरच पाघळलेलं.
टोकं लायटरनं जाळली.
नखानं दाबून बघितलं. हलला नाही.

रजितानं ओढलं
आणि डोळ्यानं पाठ फिरवली.
"काहीच दिसंना की, नायना!"
दोरी सोडवली, खालच्या टोकाला अर्धा पीळ दिला.
आता तो शेजाऱ्याच्या पत्र्याकडे बघायला लागला.
पीळ उलटा काढला, दुसऱ्या अंगानं अर्धा.
तेव्हा कुठे ती काही बोलली नाही.
बोलली नाही, म्हणजे दिसलं.

मी पण ओढून बघितलं.
निम्म्यावर खांदा अडला.
माझ्या हातात तो नुसता कडेचाच,
आडवा, भिंतीकडे तोंड करून,
जणू माझी गाठच नाही ती.
पुरता ताण आल्याशिवाय तो वळत नाही,
आणि तेवढा ताण आता माझ्यात नाही.

संध्याकाळी बंद गिरणीमागच्या मैदानात
पन्नास मीटरवर तिनं सहा बाण सोडले.
मला लांबचं नीट दिसत नाही.
मी ऐकत होतो.
ठक्. ठक्. तिसऱ्याला जरा वेळ लागला. ठक्.
पुढचे मोजले नाहीत.
उरलेला दोरा कांडीवर गुंडाळला,
खिशात टाकला.