फक्कीची रेघ

नियम एकच होता, वहीच्या मागच्या पानावर,
बोरसे सरांच्या तिरक्या अक्षरात:
'जी गाडी रेघ आधी ओलांडेल, ती पहिली.'
बाकीची पानं जत्रेच्या वर्गणीची.

बेटावदच्या खाली, पांझरेच्या कोरड्या पात्रात
सहा काळीपिवळ्या उभ्या होत्या.
एरवी ह्याच गाड्या नरडाण्याला माणसं कोंबून नेतात,
टपावर मिरचीची पोती, मागच्या फळीवर लटकलेली पोरं.
त्या दिवशी रिकाम्या. सीटसुद्धा काढून घरी ठेवलेल्या.
हे चालतं का, कुणीतरी विचारलं.
सर म्हणाले, सीट म्हणजे गाडी नव्हे.
तिथेच सगळं बिनसलं, पण कळलं संध्याकाळी.

मी रेघेवर. हातात लाल फडकं,
भावाच्या दुकानातलं, किमतीची चिठ्ठी तशीच.
आधी धूळ आली, मग आवाज,
मग धुळीतून दोन नाकं:
याकूब पिंजारीची जीप काठाकाठानं,
आणि मधोमध भटू गिरासेची,
पुढे लोखंडी गार्ड, हातभर बाहेर आलेला,
मारक्या म्हशीनं मान खाली घालावी तसा.
फडकं खाली आलं.
भटू, म्हणालो.

"गार्ड म्हंजे गाडी शे का?" याकूबचा मामा.
"मंग काय बैलगाडी शे?"
"सीट गाडी नही, आनि गार्ड गाडी?"
"सीट काढता येस. गार्ड वेल्डिंग शे."
"वेल्डिंग कालदिन करेल शे!"
सर वही उघडायचे, तेच वाक्य वाचायचे,
एकदा 'गाडी'वर जोर देऊन, एकदा 'आधी'वर,
एकदा 'ओलांडेल'वर. म्हणजे नाक ओलांडेल, की शेपूट?
ही शंका त्यांची त्यांनाच आली,
आणि ती मोठ्यानं बोलून बसले.

एका पोराच्या फोनमध्ये सगळं होतं.
थांबवून थांबवून पाहिलं चाळीस जणांनी:
नेमक्या क्षणी एक बाई मधून जाते,
डोक्यावर पाटी, पाटीत शेंगा.
आरटीओतल्या निवृत्त कारकुनाला फोन लावला.
तो म्हणाला, गार्ड बेकायदा आहे,
शर्यतही, आणि टपावरची पोतीही.
फोन ठेवून दिला.

मला एवढंच विचारलं, तू देखं ना?
देखं, म्हणालो. खरंच पाहिलं होतं.
पण रेघही मीच मारली होती सकाळी.
दोन खुंट्या, मधे सुतळी, सुतळीखाली फक्की.
वारा होता. सुतळीला पोट सुटलं,
मधोमध रेघ वीतभर गाड्यांकडे सरकली.
दिसलं होतं मला. पायानं पुसून नवी मारावी,
तर फक्की संपलेली, आणि ढोल सुरू झालेला.

रात्री याकूब ओट्यावर येऊन बसला.
ऑइलचे काळे हात, चहा बशीत ओतला.
"रेघ वाकडी व्हती," म्हणाला. रागानं नाही,
टायरात हवा कमी आहे, असं सांगतात तसं.
मग बोलला का नाहीस?
"बोलतू ते परत पळाडतात.
मना ब्रेक अर्धा वाटमाच गयथा.
पुढे पोरे उभा व्हतात, भो."
बशी पालथी घातली आणि गेला.

बक्षिसाचा मिक्सर सरांच्या घरी आहे, खोक्यात.
बाई ठेचा अजून खलबत्त्यातच कुटतात.
यंदा नियम चौदा झाले.
सीटचे दोन, गार्डचा एक,
एक पाटी घेऊन मधून जाणाऱ्यांसाठी.
रेघ कशी मारावी, ह्याचा नाही.
तेवढं तू बघ, सर म्हणाले.

नायलॉनची दोरी आणली आहे, ताणून बांधली.
पहाटे वारा पडलेला असताना फक्की सोडली.
गुडघे टेकून, एक डोळा मिटून पाहतो.
सरळ आहे.
मग दुसरा मिटून पाहतो.